बिनमाशीचा होकार

ज्याच्या नाकावर माशी बसत नाही अशी माणसं गल्लोगल्ली सापडतात, पण ते आपलं बोलायचं. नीट पाहिलं तर त्यांच्या नाकावर माशी येऊन, बसून, हातपाय चोळून केव्हाच पुढच्या कामाला गेलेली असते. चौकातल्या डेअरीवाल्याची गोष्ट वेगळी. त्याच्या नाकावर उभ्या जन्मात माशी बसली नव्हती, आणि याला अख्खी गल्ली साक्षीला होती. तो जन्मला त्या दिवशी म्हणे पाळण्यावर एक माशी घिरट्या घालत आली. बाळाने डोळे वटारून तिच्याकडे पाहिलं, तशी ती उडायचंच विसरली आणि टपकन खाली पडली. हे सांगणाऱ्या सुईणीला राईचा पर्वत करायची सवय होती, म्हणून निम्मं सोडून देऊ. निम्मी माशी तरी पडलीच असेल.

लोक त्याला बिनमाशी म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि शेवटी त्यालाच ते इतकं आवडलं की खरं नाव फक्त बायकोच्या आणि वीजबिलाच्या लक्षात राहिलं. डेअरीच्या दारावर त्याने पाटी लावली होती : ‘माशी दाखवा, दूध न्या.’ एका चलाख गिऱ्हाइकाने घरूनच काडेपेटीत माशी आणली आणि काउंटरवर सोडली. बिनमाशीने वाकून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “ही आमची नव्हे. हिच्या पायांना तुमच्या मोरीचा वास येतोय.” गिऱ्हाईक खाली मान घालून गेलं. माशी मात्र गेली नाही. “आमच्याकडे माशी येत नाही,” बिनमाशी सांगायचा, “आणि आलीच तर परत जात नाही.”

बाकीचे दुकानदार गिऱ्हाईक नसलं की माश्या मारत बसायचे. हा गिऱ्हाईक असतानाही मारायचा. उजव्या हाताने दूध मापायचा, डाव्या हाताने माशी. त्यासाठी त्याच्याकडे एक काठी होती, टोकाला चामड्याची पातळ पट्टी लावलेली. तिचं नाव सासूबाई. का, तर ती कुणाला सुखाने बसू देत नाही म्हणून. “अगं, सासूबाईंना पाठव बाहेर!” अशी हाक आली की आतून काकू काठी घेऊन यायच्या, आणि नवीन गिऱ्हाईक दारात म्हातारी कुठे दिसते का ते शोधत राहायचं.

काकू म्हणजे बिनमाशीची बायको. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणे, म्हणून आपणही म्हणू.

या दोघांना एकच लेक. लहानपणी ती उपड्या कॅनवर बसून पाय हलवत बापाची शिकवणी ऐकायची. बिनमाशीला माश्यांचा इतका तिटकारा होता, की आवडीच्या माणसाबद्दल कुणाला नसेल एवढं त्याला माश्यांबद्दल ठाऊक होतं. तो म्हणायचा, “माशी जिभेने नव्हे, पायाने चव घेते. म्हणजे ती तुझ्या भाकरीवर चालली, की समज खायलाच बसली. आणि तिला दात नाहीत. आधी थुंकते, थुंकीने पातळ करते, मग सोंडेने ओढते.”

“शी!” लेक खूश होऊन म्हणायची.

“आणि ही बारकी माशी ना, ही मोठीचं पिल्लू नव्हे. पंख फुटले की माशी वाढत नाही. काय वाढायचं ते अळी असतानाच, शेणात. शेणात जितकं मिळालं तितकीच तिची उंची, जन्मभर.” हे म्हणताना तो डेअरीमागच्या गोठ्यांकडे अशा नजरेने बघायचा, की गोठ्यांनीच त्याचं वाकडं केलंय. “पंख चार असायला हवेत, पण मागचे दोन झिजून त्यांच्या बारीक गुंड्या झाल्यात. उडताना त्या थरथरतात, म्हणून माशी तोल सांभाळते. गुंडी काढलीस की भोवंडून पडते. आता सासूबाई धर. माशी बसलीय तिथे मारू नकोस. समोरून काही आलं की ती मागच्या मागे झेप घेते. ती जाणार आहे तिथे मार. आणि हाताने धरायची असेल तर अगदी सावकाश. घाईचा हात तिला लांबूनच दिसतो, सावकाश हात तिला दिसतच नाही.”

पोर हां हां म्हणता बापाच्या वर गेली. ती डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून माशी धरायची असं सांगतात. एकदा तिने म्हणे आधी माशी धरली आणि मग ती माशी खिडकीतून आत आली. असो.

पण बिनमाशी सगळ्या माश्यांच्या वाटा ओळखायचा, फक्त लेकीची वाट तेवढी त्याला ओळखता आली नाही. तिने लग्न केलं ते खतवाल्याशी. हा माणूस गोठ्यांमधलं शेण गाडीत भरून गावाबाहेरच्या खड्ड्यांत नेऊन टाकायचा आणि कुजवून खत करायचा. माणूस सोन्यासारखा, पण उन्हात उभा राहिला की त्याच्या पाठीवर माश्या बसायच्या आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. बिनमाशीला तेवढंच दिसलं. सकाळच्या गर्दीत, भरल्या काउंटरवर तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “दुधात माशी पडली तर काय करतात? काढून टाकतात. दूध काही कुणी टाकत नाही.”

तो खोटं बोलतोय हे गर्दीतल्या सगळ्यांना कळलं. कारण दुधात माशी पडली तर बिनमाशी अख्खा कॅन गटारात ओततो, हे गल्लीने डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

लेक उंबऱ्याबाहेर उभी होती. ती शांतपणे म्हणाली, “बाबांनी स्वतः हो म्हटल्याशिवाय या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही.” आणि गेली. नाक बापाचंच घेतलं होतं तिने, आणि नुसतं आकारापुरतं नव्हे.

त्या दिवसापासून बिनमाशीची एक गुंडी निखळली ती निखळलीच. मापातलं दूध काउंटरवर सांडायला लागलं. सासूबाई हुकायला लागली. पण नाक होतं तिथेच होतं.

राहता राहिल्या काकू. दोन नाकांच्या मध्ये सापडलेलं माणूस ना धड शिंकू शकतं, ना श्वास घेऊ शकतं. त्यांनी एकदा खोटं बोलून पाहिलं. खताच्या आवारात जाऊन लेकीला म्हणाल्या, “तुझे बाबा म्हणाले, तिला ये म्हणावं.” लेकीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिने पाहिलं डाव्या कानाकडे.

“आई, कान.”

काकूंचा हा जुना रोग. खोटं बोलल्या की डावा कान टोमॅटोसारखा लाल व्हायचा. लग्नाआधी त्यांच्या आईने पकडलं, लग्नानंतर नवऱ्याने पकडलं, आता लेकीने. काकू आल्या पावली परत फिरल्या.

दिवस गेले, दूध आटलं, आणि एका सकाळी माशी शिंकली. म्हणजे काउंटरवर एक माशी बसली होती, बिनमाशीने सासूबाई उगारली, ती हवेतच राहिली, आणि तो कॅनांच्या मध्ये आडवा झाला. माशी उडून गेली. त्या डेअरीतून जिवंत परत गेलेली ती पहिलीच.

डॉक्टर आले, टॉर्च मारून गेले, पुन्हा आले. डेअरीच्या मागच्या खोलीत, खिडकीशी खाट टाकून बिनमाशीला निजवलं. हात हलेना, पाय हलेना, जीभ हलेना. “ऐकू सगळं येतंय त्यांना,” डॉक्टर म्हणाले. “कळतंही सगळं. पापण्या तेवढ्या त्यांच्या ताब्यात आहेत. तुम्ही विचारा, ते पापण्यांनी सांगतील. एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही.”

काकूंनी तिथल्या तिथे विचारलं, “पाणी हवंय?” पापण्या एकदा मिटल्या. “उशी उंच करू?” एकदा. मग डॉक्टरांची पाठ वळल्यावर हळूच, “लेकीला बोलावू?”

मिटल्या, उघडल्या. मिटल्या, उघडल्या.

काकू रोज विचारायच्या. भरवताना विचारायच्या, अंग पुसताना विचारायच्या, कधी दुसऱ्याच प्रश्नांच्या मध्ये घुसवून विचारायच्या: ऊन येतंय का, खिडकी लावू का, लेकीला बोलावू का, पाय चोळू का. हो, हो, नाही, हो. सगळं अंग गेलं होतं, पण ‘नाही’ शाबूत होतं. काकूंना आता दुसरं काही नको होतं. हा माणूस काही उठत नाही, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. फक्त लेकीचं पाऊल त्या उंबऱ्याच्या आत पडावं, आणि ते त्याच्या डोळ्यांदेखत पडावं. नंतर आली तर ती लेक येणार नाही, पाहुणी येईल.

तेवढ्यात थंडी पडायला लागली. थंडीत माश्या ऊब शोधतात. बाहेर गारठा झाला की खिडकीच्या फटीतून आत येतात, छताला उलट्या लटकतात, आणि खोलीत जे काही गरम आणि ओलं असेल तिकडे निघतात. त्या खोलीत गरम आणि ओलं असं एकच काही होतं.

पहिली माशी आली ती आधी खाटेच्या दांडीवर बसली. मग उशीवर. मग कपाळावर. आणि मग, कुणाचंही भय नसल्यासारखी चालत चालत, नाकावर. बिनमाशीचे दोन्ही डोळे आत वळून तिच्याकडे लागले. उभ्या जन्मात त्याने कुणाकडे बघितलं नसेल, तसा तो बघत होता. काकूंनी धावत येऊन फडकं फिरवलं. माशी उडाली, एक फेरी मारली, आणि पुन्हा येऊन तिथेच बसली. ज्याच्या नाकावर माशी बसत नव्हती, त्याच्या आता तोंडावरची माशी उडेना.

काकू खाटेला चिकटल्या. दिवसभर फडकं. डेअरी बंद.

शेजारची शिंपीण मागच्या दाराने डोकावली. ती बोलताना टाचण्या तोंडात धरायची, म्हणून तिचं निम्मं बोलणं दातांतूनच यायचं.

“वहिनी, आजही दुकान बंदच?”

“कोण उघडणार? मी उठले की ती बसते.”

“कोण ती?”

काकूंनी हनुवटीने दाखवलं. माशी उशीच्या कोपऱ्यावर पुढचे पाय एकमेकांवर घासत होती.

“अगबाई! यांच्या उशीवर?” शिंपिणीने टाचण्या काढून हातात घेतल्या. “जगबुडीच म्हणायची. मग सासूबाई काय करतेय?”

“नवऱ्याच्या तोंडावर काठी मारू?”

“आमच्या ह्यांच्या तोंडावर मी माशी नसतानाही मारली असती.” शिंपीण जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “लेकीला का नाही बोलवत?”

“दोनदा मिटतात.”

“मग तिलाच सांगा, आजारी बापाजवळ ये म्हणून.”

“सांगून पाहिलं. म्हणते, बाबा हो म्हणाले का? खोटं सांगायची सोय नाही मला.”

शिंपिणीने काकूंच्या कानाकडे पाहून सुस्कारा सोडला. “तुमच्या घरात सगळ्यांना नाकं दिली हो. तुम्हाला एकटीलाच कान.” मग जाता जाता, पुन्हा टाचण्या तोंडात धरून, हसत म्हणाली, “मी असते ना वहिनी, तर फडकं खाली ठेवलं असतं. म्हटलं असतं, आता बघू नाक किती टिकतं ते.”

ती गेली. थट्टाच होती ती. पण काही थट्टा माणूस निघून गेलं तरी खोलीत बसून राहतात.

काकू बराच वेळ फडकं फिरवत राहिल्या. खिडकीतून तिरपं ऊन नवऱ्याच्या तोंडावर पडलं होतं. दाढी त्यांनीच सकाळी केली होती, एका ठिकाणी खुंट राहिले होते. बिनमाशी त्यांच्याकडे बघत होता. त्या नजरेत विनवणी नव्हती. काम करून घेणाऱ्याची नजर होती ती, सासूबाईंना पाठव म्हणताना असायची तशी.

“अहो,” काकू म्हणाल्या. “लेकीला बोलावू?”

मिटल्या, उघडल्या. मिटल्या, उघडल्या.

काकूंनी फडक्याची घडी केली. नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. आणि मांडीवर ठेवली.

“बरं,” त्या म्हणाल्या. “बसू दे मग.”

माशीला कुणी आमंत्रण द्यावं लागत नाही. ती हनुवटीवर उतरली. खुंटांमधून वाट काढत वर आली. खालच्या ओठाच्या कडेला सकाळची पेज वाळली होती, तिथे थांबली, पायांनी चाखलं, सोंड खाली केली, थुंकली, ओढलं. काकूंना एकेक गोष्ट कळत होती. एवढी वर्षं आतल्या खोलीतून त्यांनीही ती शिकवणी ऐकलेली होती. माशी गालावर चढली. तिथून नाकाच्या कडेने वर, शेंड्यावर. तिथे ती निवांत उभी राहिली आणि मागच्या पायांनी पंख साफ करू लागली. बिनमाशीचे डोळे आत वळले, तिच्यावर खिळले, मग फिरून बायकोवर आले.

“एकदा मिटा,” काकू म्हणाल्या. “एकदाच. मी लगेच हाकलते. जन्मभर बसू देणार नाही परत. एकदा मिटा.”

पापण्या हलल्या नाहीत. ना एकदा, ना दोनदा. आता तो ‘नाही’सुद्धा म्हणत नव्हता. नाकावर माशी बसलेला तो माणूस डोळे सताड उघडे ठेवून बायकोकडे बघत पडला, आणि त्या डोळ्यांत हळूहळू पाणी भरत गेलं. न मिटल्यामुळे असेल. माणसाचे डोळे फार वेळ उघडे राहिले तर भरतातच.

माशीला ते पाणी कळलं. ती नाकावरून खाली उतरली, डोळ्याच्या कोपऱ्यापाशी गेली, पाय ओले केले, आणि पापणीच्या कडेवर चढली.

पापण्या मिटल्या.

एकदा.

काकू पुढे वाकल्या. माशी मिटलेल्या पापणीवर उभी होती. हा होकार होता, की पापणीवर माशी चढली की कुणाचेही मिटतात तसे डोळे मिटले होते? अजून उघडले नव्हते. उघडून पुन्हा मिटले असते तर ‘नाही’ झालं असतं. आणि उघडून तसेच राहिले असते, तर त्यांना पुन्हा विचारावं लागलं असतं. विचारायला हवंच होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने विचारलं असतं.

काकूंनी विचारलं नाही. त्यांनी घडी केलेलं फडकं पाण्याच्या भांड्यात बुडवलं, पिळलं, आणि नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांवर पसरून ठेवलं. मी बाहेर गेल्यावर माशीने डोळ्यांना त्रास देऊ नये म्हणून, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. नाक मात्र बाहेरच राहिलं. ओल्या फडक्याखाली पापण्या पुन्हा हलल्या की नाही, हे आता कुणाला दिसणार नव्हतं. शिंपिणीला बसवून जाता आलं असतं. पण शिंपीण चौकस. तिने फडकं उचलून बघितलं असतं.

काकूंनी डोक्याला रुमाल घट्ट बांधला, कान झाकले जातील असा. थंडी होतीच.

खताचं आवार गावाबाहेर, गोठ्यांच्याही पलीकडे. तिथे थंडीतही माश्या कमी नसतात, कारण कुजणारं शेण आतून तापतं. ढिगाऱ्यांमधून वाफा निघत होत्या. लेक फावड्याने एक ढीग उलटा करत होती. खालचा थर उघडा पडला की पांढऱ्या अळ्या वळवळत आणखी खाली घुसायच्या, आणि कडेच्या कोरड्या भागात तांबूस कोष पसरलेले होते, कुणी गहू सांडावेत तसे. प्रत्येक कोषात एक माशी आपलं डोकं फुगवून झाकण उडवायची वाट बघत होती. धडधाकट असतानाही बाप हे बघून आजारी पडला असता. लेक त्यातून चालत पुढे आली.

“बाबा?”

“हो म्हणाले,” काकूंनी धापा टाकत सांगितलं.

लेकीच्या हातातलं फावडं खाली गेलं. मग ती सवयीने म्हणाली, “आई, कान दाखव.”

काकूंनी रुमाल मागे केला. लेकीने डावा कान पाहिला, मग उजवा पाहिला.

“दोन्ही लाल आहेत.”

“पळत आले ना. एवढा गारठा.”

“कसं म्हणाले?”

“एकदा मिटले डोळे. एकदाच.”

यात खोटं काहीच नव्हतं. लेक आईकडे बघत राहिली. तिलाही खरं हवं होतं. पण बाप त्याहून जास्त हवा होता. खतवाला गाडीआडून बघत होता. तो म्हणाला, “जा तू. मी हात धुऊन येतो, बाहेरच थांबेन.” लेकीने फावडं तिथेच टाकलं.

दोघी डेअरीच्या दारात आल्या. उंबऱ्यापाशी लेक थबकली, खाली पाहिलं, आणि पाऊल आत टाकलं. काकूंना वाटलं होतं, या क्षणी पोटातला दगड खाली उतरेल. तो उतरला नाही, नुसता कूस बदलून बसला.

मागच्या खोलीत ऊन खाटेवरून सरकून भिंतीवर गेलं होतं. बिनमाशी होता तसाच पडला होता, डोळ्यांवर फडकं, नाकाच्या शेंड्यावर माशी. लेक खाटेशी गुडघ्यांवर बसली.

“बाबा, मी आलेय.”

माशी हलली नाही. नाकाखालून येणारा श्वासाचा वारा लागला की माशी चुळबुळ करते. ही अगदी निश्चिंत बसली होती.

लेकीच्या ते आईच्या आधी लक्षात आलं. तिने फडकं उचललं. डोळे मिटलेले होते. दोन्ही, नीट, एखाद्याने विचार करून मिटावेत तसे. फडकं अजून ओलं होतं, म्हणून पापण्याही ओल्या होत्या, आणि कुठलं पाणी कशाचं ते सांगता येत नव्हतं.

 मग लेकीने विचारलं, “आई, एकदाच मिटले ना?”

“मी पाहिलं तेव्हा एकदाच.”

“आणि परत उघडले नाहीत?”

काकूंनी भिंतीवरच्या उन्हाकडे पाहिलं. “नाही म्हणायचं तर दोनदा मिटावे लागतात,” त्या म्हणाल्या. “आणि दुसऱ्यांदा मिटायला आधी उघडावे लागतात.”

लेकीने मान हलवली. ती वडिलांच्या छातीवर डोकं ठेवून रडली, लहानपणी कॅनवरून पडल्यावर रडायची तशी, तोंड उघडं टाकून. काकू उभ्याच राहिल्या. त्यांची नजर त्या माशीवर होती. काकू खोलीत नसताना या खोलीत जे काही झालं, ते हिच्यासमोर झालं होतं. फडक्याखाली पापण्या हलल्या असतील तर ओलं कापड हललं असेल. आणि कापडाची हालचाल नाकावरच्या माशीला कळल्याशिवाय राहत नाही.

“मार तिला,” काकू म्हणाल्या.

लेकीने डोकं वर केलं.

“सासूबाई दाराआड आहे. मार तिला. बाबांच्या नाकावर बसलीय.”

लेकीने काठी आणली नाही. तिने हात पुढे केला, अगदी सावकाश, बापाने शिकवला होता तसा, बोटं किंचित वाकवून. मूठ मिटली. आत बारीकशी भुणभुण सुरू झाली. लेक उठली, मूठ तशीच धरून खोलीतून बाहेर आली, काउंटरजवळून गेली, ‘माशी दाखवा’च्या पाटीखाली उंबऱ्यावर उभी राहिली, आणि तिने हात उघडला. बाहेर खतवाला हात जोडून उभा होता. माशी त्याच्या डोक्यावरून कुठल्या कुठे गेली.

“सोडलीस?” काकूंनी मागून विचारलं.

“शेवटी तीच होती ना त्यांच्याजवळ,” लेक म्हणाली. “आपण कुठे होतो?”

पुढे डेअरी उघडली. लेक येते-जाते, खतवालाही येतो, उंबऱ्याच्या आत बसतो, चहा पितो. गल्ली म्हणते, बिनमाशी शेवटी विरघळला हो, मरता मरता हो म्हणून गेला. काकू मान डोलावतात. डोक्याचा रुमाल त्यांनी त्या दिवसानंतर काढलेला कुणी पाहिला नाही, भर उन्हाळ्यातही नाही. लोक म्हणतात, दुःखाने.

पाटी उतरवली आहे. सासूबाई दाराआड धूळ खात उभी आहे. काकू माश्या मारत नाहीत, त्यामुळे निम्मं गिऱ्हाईक तुटलं. ज्यांना जवळ दुसरी डेअरी नाही तेवढे येतात. माशीचं आयुष्य महिन्याभराचंही नसतं, हे काकूंना पाठ आहे. ती साक्षीदार केव्हाच मेली असणार. पण एक मेली की तिच्या जागी तशीच दुसरी येऊन बसते, आणि सगळ्या एकसारख्याच दिसतात. कुठली कुणाची कोण, काय सांगावं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं, की एखादी काउंटरवर येऊन बसते. काकू इकडेतिकडे बघतात, रुमालाची कड कानावरून मागे सारतात आणि तिच्यापाशी वाकून अगदी हळू विचारतात, “एकदाच ना गं?”

माशी हात चोळत बसते. आणि काकू आणखी जवळ आल्या, की मागच्या मागे उडून जाते.